कालव्यावरचा संसार

इंग्लंडच्या कालव्यांवरील जुन्या बोटींविषयी बोलण्याचा मानस आम्ही कळविला, तेव्हा व्याख्यानमालेच्या चिटणीसांना थोडा अचंबा वाटला. कामगार चळवळीतल्या माणसाने किमान वेतनावर बोलावे, कंत्राटी पद्धतीवर बोलावे, फार तर गिरणी संपाच्या आठवणी सांगाव्यात, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. बोटींचा आणि आमचा संबंध काय, असे कोणीही विचारील. संबंध आहे, आणि तो कोणता, हे सांगण्यासाठीच हा सारा खटाटोप.

आरंभ एका छायाचित्रापासून करतो. आमच्या युनियनचे एक जुने सभासद आहेत. जन्मभर त्यांनी मालाचा ट्रक चालविला. आता घरीच असतात. त्यांचा मुलगा लंडनला नोकरीस आहे. दोनेक वर्षांपूर्वी त्याने वडिलांना आपल्या नव्या घराचे छायाचित्र पाठविले. पाहतात तो काय, घर नव्हेच! कालव्याच्या काठाला बांधलेली एक लांबलचक, अरुंद, हिरवी-तांबडी बोट. छायाचित्र घेऊन ते कार्यालयात आले आणि म्हणाले, "भाऊ, पोरगा होडीत राहतो म्हणे. वाईट दिवस आले का हो त्याच्यावर?" शेजारी बसलेला आमचा एक तरुण कार्यकर्ता हसून म्हणाला, "काका, वाईट कसले? हाउसबोट आहे ती. लोक काश्मीरला जाऊन पैसे मोजतात त्यासाठी."

या दोघांपैकी खरे कोणाचे, हे आम्हांला त्या दिवशी सांगता आले नाही. पुढे त्या मुलाशी बोलणे झाले. त्याच्याकडून इतके कळले की, ती बोट एके काळी कोळसा वाहून नेत असे आणि तिच्या मागच्या टोकाच्या केबिनमध्ये एक सबंध कुटुंब राहत असे. मग मात्र आम्हांला स्वस्थ बसवेना. आमचे शालेय शिक्षण दहावीपाशीच थांबले; पुढे जे काही शिकलो ते वाचनालयांच्या बाकांवर. त्याच रीतीने हाही विषय वाचून काढला. तो कालवा आम्ही डोळ्यांनी पाहिलेला नाही. तेव्हा हे प्रवासवर्णन नव्हे. एका कामगाराने दुसऱ्या कामगारांविषयी जमविलेली माहिती, एवढेच याचे स्वरूप आहे.

प्रथम कालव्यांविषयी. आपल्याकडे कालवा म्हटला की पाटबंधारे खाते आणि उसाचे मळे आठवतात. इंग्लंडातले हे कालवे शेतीसाठी नव्हते. ते मालाचे रस्ते होते. रेल्वे नव्हती, रस्ते चिखलाचे, आणि कोळसा घोड्याच्या पाठीवरून न्यावयाचा म्हणजे खर्च कोळशाहून जड. ब्रिजवॉटरच्या ड्यूकच्या वर्स्ली येथे कोळशाच्या खाणी होत्या. त्याने मँचेस्टरपर्यंत कालवा खोदविला आणि १७६१ साली त्यावरून कोळसा जाऊ लागला. जेम्स ब्रिंडली हा त्याचा तंत्रज्ञ. या गृहस्थाचे शिक्षण बेताचेच. तो मूळचा गिरण्यांची यंत्रे दुरुस्त करणारा कारागीर. वाटेत अरवेल नदी आडवी आली, तर याने नदीवर पूल बांधून कालवाच पुलावरून नेला! खाली नदीतून बोटी जात आहेत आणि वर पुलावरूनही बोटी जात आहेत, हे पाहावयास लोक लांबून येत. मँचेस्टरात कोळशाचा भाव निम्म्यावर आला, असे सांगतात.

घोड्याच्या पाठीवर दोन-तीन मणांचे ओझे लादता येते. तोच घोडा काठावरून चालत दोराने बोट ओढू लागला की २५ ते ३० टन माल सहज नेतो. या एका हिशेबावर पुढल्या साठ-सत्तर वर्षांत इंग्लंडभर कालव्यांचे जाळे विणले गेले. ट्रेंट आणि मर्सी या नद्या जोडणाऱ्या कालव्याचे काम १७६६ साली सुरू झाले. पहिली कुदळ जोसाया वेजवुड या चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखानदाराने मारली. भांडी रस्त्यात फुटू नयेत, यात त्याचा उघड स्वार्थ होता.

टेकडी चढावयाची तर पाण्याला पायऱ्या कराव्या लागतात. त्यांना लॉक म्हणतात. दोन दरवाज्यांमधला तो एक बांधीव हौद. बोट आत घ्यावयाची, मागचा दरवाजा लावावयाचा, वरचे पाणी आत सोडावयाचे. पाण्याबरोबर बोट वर उचलली जाते. पाणी आणि पैसा वाचावा म्हणून ब्रिंडलीने हे हौद अरुंद ठेविले: लांबी सुमारे ७२ फूट, रुंदी जेमतेम सात फुटांहून थोडी अधिक. म्हणून बोटही तशीच झाली, ७० फूट लांब आणि सात फुटांहून किंचित कमी रुंद. तिचे नावच नॅरोबोट, म्हणजे अरुंद बोट. अठराव्या शतकात खर्च वाचविण्यासाठी ठरविलेल्या या सात फुटांत पुढे माणसांच्या कित्येक पिढ्यांना आपला संसार बसवावा लागला, हे ध्यानात ठेवावे.

सुरुवातीला मात्र बोटीवर संसार क्वचितच असे. बोटवाल्याचे घर काठावरच्या गावी असे. बायकामुले तेथे राहत. बोटीवर तो, हाताखाली एक मदतनीस आणि घोडा हाकणारा एखादा पोरगा. मजुरी खेपेवर किंवा टनावर मिळे आणि ती बऱ्यापैकी असे. मग १८३० साली लिव्हरपूल ते मँचेस्टर रेल्वे सुरू झाली. पुढल्या वीस वर्षांत रेल्वेचे रूळ कालव्यांच्या शेजारून धावू लागले. काही कालवे तर रेल्वे कंपन्यांनीच विकत घेतले. वाहतुकीचे दर कोसळले आणि दर कोसळले की पहिला घाला कोठे पडतो, हे कामगारांना सांगावयास नको.

बोटवाल्यापुढे दोन खर्च होते: मदतनिसाची मजुरी आणि काठावरच्या घराचे भाडे. त्याने दोन्ही एकदमच वाचविले. घर सोडले आणि बायकोमुलांना बोटीवर आणले. आता मदतनिसाच्या जागी बायको सुकाणू धरू लागली आणि सात-आठ वर्षांची पोर घोड्यामागून चालू लागली. मजुरीच्या वहीत मात्र नाव एकट्या बोटवाल्याचेच. याआधी कोणी कुटुंबासह बोटीवर राहतच नव्हते असे नाही. परंतु ती रीत सर्रास झाली ती रेल्वेच्या स्पर्धेमुळे. बोटीचे घर झाले ते असे. पाण्याची ओढ, भटकंतीची आवड, जिप्सी रक्त इत्यादी कारणे पुढे लेखकांनी शोधली. खरे कारण हे होते की एका माणसाच्या मजुरीत काठावरचे घर आणि बोटीवरचा गडी ही दोन्ही भागत नव्हती.

हे घर होते तरी केवढे? बोटीच्या मागच्या टोकाला सुमारे १० फूट लांब आणि सात फूट रुंद केबिन. बाकीची सारी लांबी मालाची, कारण पैसे मालाचे मिळत. आम्ही लहानपणी ज्या चाळीत वाढलो, ती खोली १० बाय १२ ची होती आणि तीत आम्ही सात माणसे होतो. बोटवाल्याची केबिन त्या खोलीहूनही निम्म्याच्या जवळपास. दारातून खाली उतरले की डाव्या हाताला कोळशाची शेगडी. तिच्या पुढे एक कपाट. त्याची झडप खाली पाडली की तिचेच जेवणाचे टेबल होई. बाजूला एक अरुंद बाक, त्यावर एकाने निजावयाचे. पलीकडे दुसरे कपाट. त्यातून फळी आडवी पाडली की नवराबायकोचे अंथरूण. सकाळी फळी उचलली की निजण्याची खोली नाहीशी होई. चाळीतल्या माणसाला ही युक्ती नवी नाही. पितळेच्या मुठी घासून लखलखीत ठेवलेल्या, भिंतीवर जाळीच्या कडेच्या बशा, दारांवर आणि पाण्याच्या डब्यांवर गुलाबाची फुले आणि किल्ले रंगविलेले. या रंगकामाची आज तिकडे फार वाखाणणी होते. आम्हांला त्यात दिसते ती एका बाईची जिद्द: दिवसभर कोळशाच्या धुळीत उभी राहून संध्याकाळी हातभर जागेला घरपण आणणारी.

या संसाराकडे सरकारचे लक्ष जावयास बराच काळ लागला. ते ज्याने वेधले तो कोलव्हिलचा जॉर्ज स्मिथ. याची हकिगत आमच्यासारख्याला जवळची वाटते. विटा पाडणाऱ्याचा हा पोर; लहानपणी डोक्यावरून चिखल वाहिलेला. पुढे वीटभट्टीचा व्यवस्थापक झाला, तरी भट्टीवरच्या मुलांना विसरला नाही. त्याने आवाज उठविला आणि त्यापायी नोकरी घालविली; पण १८७१ साली भट्ट्यांवरील मुलांसाठी कायदा झाला. मग तो बोटींकडे वळला. कालव्यावरील लोकांविषयीचे त्याचे पुस्तक १८७५ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी इकडे पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली, हा योगायोग आजच्या प्रसंगी सांगण्याजोगा आहे.

स्मिथच्या खटपटीने १८७७ साली कालव्यावरील बोटींचा कायदा झाला आणि १८८४ साली तो कडक करण्यात आला. राहण्याची प्रत्येक बोट नोंदवावयाची, तिला क्रमांक द्यावयाचा, तीत किती माणसांनी राहावे हे ठरवावयाचे, तपासनीसाने येऊन पाहावयाचे. नियमांत माप घातले ते असे: बारा वर्षांवरील माणसास ६० घनफूट, त्याखालील मुलास ४०. सहा फूट लांब, पाच फूट उंच आणि दोन फूट रुंद असे एक कपाट डोळ्यांपुढे आणा. ते ६० घनफूट. कायद्याने माणसाला दिलेली जागा ती एवढी, आणि तीही सुधारणा होती! त्याच १८८४ साली परळला नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांची सभा भरवून आठवड्याची सुटी मागत होते. आपल्या वऱ्हाडखानदेशचा कापूस तेव्हा लिव्हरपूलच्या धक्क्याला लागत असे आणि ज्या गिरण्यांत तो जाई, त्यांतल्या कित्येक कालव्यांच्या काठीच उभ्या होत्या.

स्मिथच्या बाबतीत एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. बोटवाल्यांची बाजू मांडताना त्याने त्यांना दारुडे, अडाणी, गलिच्छ, अनीतिमान अशी विशेषणे मुक्तहस्ते वाहिली. संशोधकांनी पुढे दाखविले की त्याच्या वर्णनात अतिशयोक्ती पुष्कळ होती. हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण ज्यांच्यासाठी तो झगडला त्यांना ते वाचून काय वाटले असेल? घर नीट घासूनपुसून ठेवणाऱ्या बाईला कोणी छापील पुस्तकात गलिच्छ म्हणावे, आणि तेही तिच्या भल्यासाठी! चळवळीत आम्ही हे पाहिले आहे. दया आणि अपमान एकाच पाकिटातून येतात, तेव्हा माणूस पाकीटच परत करतो.

आता आमच्या पेशाकडे येतो. विसाव्या शतकाच्या आरंभी घोड्याची जागा हळूहळू तेलाच्या इंजिनाने घेतली. पुढे इंजिनाची बोट आणि तिच्यामागे बिनइंजिनाची जोडबोट, अशी जोडी चाले. एक कुटुंब दोन्ही बोटी मिळून सुमारे ५० टन माल नेई. जोडीमुळे केबिन दोन झाल्या, हा मोठाच दिलासा. स्वतःच्या मालकीची बोट असलेले थोडे. त्यांना कालव्यावर मोठ्या मानाने 'नंबर वन' म्हणत. बाकीच्यांच्या बोटी कंपनीच्या. त्यांत फेलोज, मॉर्टन अँड क्लेटन ही कंपनी मोठी. १९२३ साली या कंपनीने मजुरी कापण्याचे ठरविले. बोटवाले ट्रान्सपोर्ट अँड जनरल वर्कर्स युनियनचे सभासद झालेले होते. त्यांनी ऑगस्टात संप पुकारला आणि नॉर्दम्प्टनशरमधील ब्रॉन्स्टन गावी, जेथे दोन कालवे मिळतात तेथे, बोटी आणून बांधल्या.

हा संप सुमारे १४ आठवडे चालला. कारखान्याच्या संपात कामगार दाराबाहेर असतो आणि संध्याकाळी घरी जातो. येथे कामगाराचे घर म्हणजे मालकाचे यंत्र! संपकरी ज्या अंथरुणावर निजत होते ते कंपनीच्या बोटीत होते. काही बोटींत माल तसाच पडून. कंपनीला बोट हवी, तर आतले कुटुंब बाहेर काढावे लागणार. कुटुंबाला संप मोडावयाचा नाही, तर घर सोडावयाचे नाही. त्या मुक्कामात एक गोष्ट मात्र घडली. सदैव फिरतीवर असलेली ही मुले प्रथमच एका जागी स्थिर राहिली आणि त्यांच्यासाठी गावात तात्पुरती शाळा भरली. संपामुळे शाळा मिळालेली मुले आम्हांला इतिहासात दुसरीकडे फारशी आढळली नाहीत. शेवटी तडजोड झाली. कपात पूर्णपणे टळली नाही.

येथे आम्हांला आमचे घर आठवते. १९८२ च्या जानेवारीत मुंबईचा गिरणी संप सुरू झाला, तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. वडील साच्यावर होते. आमची खोली खाजगी घरमालकाची होती, म्हणून पगार बंद झाला तरी डोक्यावरचे छप्पर हलले नाही. मागल्या गल्लीत गिरणीच्या मालकीची चाळ होती. तेथल्या आया दारात कोणी अनोळखी माणूस आला की दचकत. नोकरी आणि घर एकाच माणसाच्या हातात असले, तर संपाचा प्रत्येक दिवस दुप्पट लांब होतो. ब्रॉन्स्टनची हकिगत वाचताना आमच्या डोळ्यांपुढे ती चाळ होती.

युनियनचीही एक अडचण सांगावी लागेल, नाही तर हा इतिहास एकतर्फी होईल. हॅरी गॉस्लिंग हे त्या युनियनचे अध्यक्ष, स्वतः टेम्स नदीवर बोटीचे काम केलेले. त्यांनी १९२९-३० च्या सुमारास संसदेत विधेयक आणले की, शाळेच्या वयाच्या मुलांना शाळेच्या दिवसांत बोटीवर राहू देऊ नये. विधेयक न्याय्य होते. अक्षरओळखीवाचून पिढ्या वाया जात होत्या. परंतु बोटवाल्यांतूनच त्याला विरोध झाला. मुले काठावर ठेवावयाची ती कोणापाशी? आई बोटीवर सुकाणू धरून आहे. ती उतरली तर गडी ठेवावा लागणार. गड्याला मजुरी कोठून द्यावयाची? विधेयक बारगळले. दोन्ही बाजू आपापल्या परीने खऱ्या होत्या. मुलांना शाळेत घालावयाचे, तर बापाची मजुरी वाढवून आईला बोटीवरून उतरण्याची मोकळीक द्यावयास हवी होती. तो मुद्दा कोणत्याच कायद्यात आला नाही.

यापुढची कथा थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धात माणसे कमी पडली, तेव्हा शहरातल्या तरुणींना शिकवून बोटींवर पाठविण्यात आले. १ जानेवारी १९४८ रोजी बहुतेक कालव्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. परंतु तोवर मालमोटारींनी बाजी मारली होती. १९६२-६३ चा हिवाळा भयंकर निघाला. कालवे गोठले, बोटी बर्फात आठवडेच्या आठवडे अडकून पडल्या, आणि ज्या गिऱ्हाइकांनी त्या काळात माल ट्रकवर चढविला ते परत आले नाहीत. त्याच वर्षी सरकारी मंडळाने आपली नॅरोबोटींची बहुतेक वाहतूक बंद केली. ॲथरस्टोनहून लंडनजवळील साउथॉलच्या जॅम कारखान्यास कोळसा नेण्याची खेप तेवढी राहिली. तीही १९७० च्या ऑक्टोबरात थांबली. नियमित लांब पल्ल्याच्या वाहतुकीचा तो शेवट. कुटुंबे एकेक करून काठावरच्या नगरपालिकेच्या घरांत गेली. पिढ्यान्पिढ्या हलणाऱ्या जमिनीवर निजलेल्या माणसांना स्थिर जमिनीवर झोप येत नसेल, अशी आपली आम्ही कल्पना करतो. पण नळाचे पाणी आणि मुलांची शाळा यांसाठी ती गेली, आणि योग्यच केले.

आता बोटींचे काय झाले? पुष्कळशा लाकडी बोटी पाण्याने भरलेल्या जुन्या खाणींत मुद्दाम बुडविण्यात आल्या. कित्येक तोडल्या गेल्या. उरलेल्या स्वस्तात विकल्या. घेणारे होते ते शहरातले मध्यमवर्गीय हौशी लोक. त्यांना वाट दाखविली ती एल. टी. सी. रोल्ट या अभियंत्याने. त्याने 'क्रेसी' नावाची मालवाहू बोट बॅनबरी येथील गोदीत राहण्याजोगी करून घेतली आणि १९३९ च्या उन्हाळ्यात बायकोसह तिच्यावर बिऱ्हाड केले. त्याचे 'नॅरो बोट' हे पुस्तक १९४४ साली निघाले, ते वाचून लोक कालव्यांच्या प्रेमात पडले, आणि १९४६ साली कालवे वाचविण्यासाठी त्याने रॉबर्ट एकमन प्रभृतींसह एक संघ स्थापन केला. ज्या कालव्यांवर भराव टाकण्याची भाषा चालली होती, ते या मंडळींनी वाचविले. १९६८ च्या वाहतूक कायद्याने कालव्यांचा एक मोठा वर्ग सहलीच्या बोटींसाठी म्हणून राखला. हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

मालाच्या बोटीचे घर कसे करतात, हे कामगारांना ऐकावयास आवडेल. मधला सुमारे ५० फुटांचा कोठा उघडा असे. वर नुसती ताडपत्री. त्याच्या कडेने भिंती उभारावयाच्या, खिडक्या काढावयाच्या, वर छप्पर घालावयाचे. जुन्या बोटींचे तळ एल्म लाकडाचे आणि बाजू ओकच्या. एल्म सतत भिजत राहिले तर टिकते. वाळले-भिजले की कुजते. म्हणून पुष्कळांना तळ बदलून लोखंडी करावा लागला. उत्तरेकडील काही कालव्यांचे लॉक आखूड, तेव्हा तेथे जाण्यासाठी कोणी बोट मध्ये कापून लहान केली. कोणी एकीच्या दोन केल्या. आणखी एक अडचण अशी की, ही बोट २५ टन ओझे घेऊन चालण्यासाठी बांधलेली. रिकामी झाली की ती पाण्यावर उंच येते आणि वारा तिला भलतीकडे ढकलतो. म्हणून घर झालेल्या बोटीच्या तळाशी विटा, फरशा, लोखंड असे वजन भरावे लागते. मागची ती १० फुटांची केबिन काहींनी काढून टाकली, काहींनी जशीच्या तशी ठेविली. अलीकडे तर काही मालक वर बांधलेले घर उतरवून पुन्हा जुना उघडा कोठा करतात. आज कालव्यांवर दिसणाऱ्या बहुतेक बोटी मात्र जुन्या नव्हेत. त्या पोलादाच्या, राहण्यासाठी किंवा सहलीसाठीच नव्याने बांधलेल्या. आकार जुना, कारण लॉक तेच आहेत.

म्हणजे काही काळ तरी आमचा तरुण कार्यकर्ता म्हणाला ते खरे होते. बोट ही हौस झाली होती. पुढे लंडनची घरे महागली. भाडे पगाराच्या पुढे धावू लागले. २०१० नंतरच्या दशकात लंडनच्या पाण्यावरील बोटींची संख्या सुमारे दुप्पट झाली. शिक्षक, परिचारिका, सुतार, नव्याने नोकरीस लागलेली पोरे बोटीत राहावयास आली. त्यांत हौशी आहेतच. परंतु ज्यांना काठावरची खोली परवडत नाही असे पुष्कळ आहेत. १८४० च्या सुमारास बोटवाल्याने जो हिशेब केला, तोच हिशेब पावणेदोनशे वर्षांनी त्याच पाण्यावर पुन्हा मांडला गेला.

बोट बांधून ठेवण्याची कायमची जागा घ्यावयाची, तर तिचेही भाडे मोठे. ज्यांच्यापाशी ती नाही त्यांच्यासाठी १९९५ च्या कायद्यात तरतूद आहे की, बोट सतत प्रवासात असली पाहिजे. कोणत्याही एका ठिकाणी सलग १४ दिवसांहून अधिक राहता येत नाही. ही सवलतसुद्धा सहज मिळालेली नाही. मूळ विधेयकाचा रोख असा होता की, प्रत्येक बोटीला कायमची जागा हवीच. बोटीत राहणाऱ्यांनी संसदीय समितीपुढे आपली बाजू मांडली, तेव्हा ही वाट निघाली. २०१२ पासून हे कालवे कॅनल अँड रिव्हर ट्रस्टकडे आहेत. त्यांना दोनशे वर्षांच्या भिंती आणि बांध सांभाळावयाचे असतात आणि त्यासाठी पैसा लागतो, हेही खोटे नव्हे. परंतु २०२४ च्या एप्रिलपासून बिनठाण्याच्या बोटींवर परवान्याचा जादा आकार बसला, तेव्हा ज्यांच्यापाशी जागा नाही त्यांच्याकडूनच अधिक घ्यावयाचे, हा न्याय कोणता, असे बोटीत राहणारे विचारू लागले. त्यांनीही आता संघटना केली आहे. ब्रॉन्स्टनच्या काठावर जे बसले होते त्यांचे हे वंशज नव्हेत. पण वारस आहेत.

या सगळ्यातून आम्हांला एक गोष्ट उमगली. बोट माणसाचे घर दोनदा झाली आणि दोन्ही वेळा कारण एकच होते: कमाईत काठावरचे घर बसत नव्हते. फरक इतकाच की पहिल्यांदा समाजाने त्याला गलिच्छपणा म्हटले आणि दुसऱ्यांदा निवड म्हटले. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या दुकानांत आज जुनी चिमणी शोभेसाठी राखलेली दिसते, तेव्हाही आमच्या मनात हाच प्रश्न येतो. जुनी वास्तू जपणे चांगलेच आहे. तीत पूर्वी कोण खपले आणि आज आसपास कोणाला राहणे परवडते, हे दोन प्रश्नही तिच्याबरोबर जपावयास हवेत.

हे सारे वाचून झाल्यावर आम्ही त्या जुन्या सभासदांकडे गेलो आणि त्यांच्या प्रश्नाचे उत्तर दिले. ते लक्षपूर्वक ऐकत होते. पस्तीस वर्षे त्यांनी ट्रकच्या केबिनमध्ये रात्री काढल्या होत्या. सात फुटांत कसे निजावे हे त्यांना समजावून सांगावे लागले नाही. शेवटी म्हणाले, "म्हणजे भाऊ, दर पंधरवड्याला गाडी काढायचीच. मग माझ्या ट्रकमध्ये आणि पोराच्या होडीत फरक तो काय?"

आम्ही म्हणालो, "ट्रक मालकाचा होता, दादा. होडी पोराची स्वतःची आहे. कोणी त्याला कामावरून काढले तरी रात्री निजायला जागा राहील."

त्यांनी थोडा विचार केला. म्हणाले, "होडी त्याची. पाणी कोणाचं?"

याचे उत्तर त्या दिवशी आमच्यापाशी नव्हते. आजही पुरते नाही. परंतु जेथे जेथे माणूस दुसऱ्याच्या जमिनीवर, दुसऱ्याच्या पाण्यावर किंवा दुसऱ्याच्या मर्जीवर आपला संसार मांडतो, तेथे तेथे हा प्रश्न विचारावाच लागेल, आणि तो एकट्याने विचारून भागणार नाही. इतके सांगून आम्ही आपली रजा घेतो.